‘विचारलं आणि नसलेलंच डोक्यात भरलं तर?’

“मॅडम, ते हल्ली काही बोलतच नाहीत. मनात भलतंसलतं तर नसेल? पण विचारायची भीती वाटते. नसलेलं डोक्यात भरवायला नको.” नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल, भावाबद्दल आत्महत्येच्या विचाराची ही भीती मी समुपदेशन करताना इतक्यांदा ऐकलीय की आता लिहायलाच हवं.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. चाळिशीतले गृहस्थ, धंद्यात खोट आलेली. “मला काही झालेलं नाही. हिच्या समाधानासाठी आलो,” हे त्यांचं पहिलं वाक्य. बहुतेक पुरुषांचं हेच असतं. त्यांचं नैराश्य अनेकदा रडत येत नाही. ते खेकसतं, दारू वाढवतं, पाठ दुखते म्हणतं, रात्री दोन वाजता मोबाइल चाळत बसतं. घरच्यांना वाटतं, स्वभावच बिघडलाय.

पहिल्या काही भेटींत धंद्याचंच बोलणं झालं. मग एकदा बायको कौतुकाने म्हणाली, “एक बरं झालं, हिशेब नीट ठेवायला लागलेत.” त्यांनी एक वही केली होती. विमा, बँकेची खाती, पासवर्ड, कुणाचं किती देणं; सगळं सुवाच्य अक्षरात, प्रत्येक पानावर रेघ मारून. आणि या माणसाला साधं विजेचं बिल कधी वेळेवर सापडलं नव्हतं! मी तिला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

“वही कुणासाठी?”

“हिला उपयोगी पडेल.”

“तुम्ही नसताना?”

ते गप्प.

“आत्महत्येचा विचार येतो का?”

“येतो.” इतके दिवस आवळून धरलेले खांदे खाली आले. “मी गेलो की हे सगळे सुटतील.”

“तुमच्यावर कर्ज आहे, की तुम्हीच कर्ज आहात?”

“आता दोन्ही एकच.”

“उद्या मुलाला धंद्यात खोट आली, तर तो घरात नकोसा होईल?”

“काहीतरीच काय बोलता!” ते ताडकन म्हणाले. इतक्या भेटींत पहिल्यांदाच आवाज चढला होता.

“मग हा न्याय तुम्हाला का नाही?”

त्या रागाची मी वाटच बघत होते. माणूस खचतो तो संकटापेक्षा संकटाच्या त्याने लावलेल्या अर्थाने, हे माझं जुनं मत. ‘पैसे बुडाले’ आणि ‘मी फुकट गेलो’ यांची फारकत त्याची त्याला करता आली पाहिजे. मी फक्त प्रश्न योग्य जागी ठेवते. अर्थात, तेवढ्यावर भागलं नाही. त्यांच्या संमतीने बायकोला आत बोलावलं, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषधं सुरू झाली. कर्ज अजून फिटतंय.

आता तुमच्या भीतीबद्दल. विचारल्याने विचार रुजत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसलंय. उलट बरेचदा माणसाला सुटल्यासारखं वाटतं. जगात दरवर्षी ७ लाखांहून अधिक लोक आत्महत्येने जातात, आणि पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीच्या आसपास आहे. मदत मागण्यात मात्र तेच मागे. तेव्हा तो आपणहून सांगेल याची वाट बघू नका.

समोर बसवून उलटतपासणी नको. चालताना, गाडीत, शेजारी असताना विचारा. ‘तू असं काही करणार नाहीस ना?’ हा प्रश्न तर नकोच, त्यात उत्तर आपणच देऊन ठेवलेलं असतं. ‘आत्महत्येचा विचार येतो का?’ असंच विचारा.

‘हो’ आलं तर शपथा घालू नका, मुलांची आठवण करून देऊ नका; तो आधीच स्वतःला ओझं समजतोय. ऐका. काही ठरवलंय का, तेही विचारा. ठरवलं असेल तर एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू हाताशी ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो. घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही.

‘कुणाला सांगू नकोस’ म्हणाला, तर तेवढं वचन देऊ नका. रागावला तरी चालेल.