सतरा नंबरचा फॉर्म

प्रश्न : भाची १८ वर्षांची, कडेवर दहा महिन्यांचं बाळ. नववीनंतर लग्न लावलं. आता दहावीला बसायचं म्हणते. सासू म्हणते, ‘वर्गात पोराला पाजशील का?’ धाकटी १५ची, तिलाही आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) उजवायचं चाललंय.
– एक मावशी, चोपडा तालुका

उत्तर : मावशी, वर्गात बसायची गरजच नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. शाळेचा दाखला शोधा. आमच्या घरी तो धान्याच्या कोठीमागे, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडला होता! दुपारी दोन तास बाळ तुमच्या ओट्यावर ठेवा. पुढचं मूल कधी, हे तिनं आशाताईंशी बोलावं. तांबी, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. धाकटीचं मात्र आजच बघा. ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. त्यानं टाळाटाळ केली, तर मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर फिरवा.