आईविषयी लिहिताना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

आईच्या वर्षश्राद्धाला तिच्यावर छोटी पुस्तिका काढायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. मसुद्याची पानं वाचली. ‘धाडसी’, ‘निडर’, ‘समाजसेवेचा वसा’ हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात, पण तुझी आई काही भेटत नाही. सकाळी शिडाची होडी बंदराबाहेर काढणारी आणि संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना पोहायला शिकवणारी बाई मी ओळखत होते. ती कागदावर यायला हवी. म्हणून आज तुला दुसऱ्या एका आईची गोष्ट सांगते.

तिचं नाव ॲनी ब्रासी. जन्म १८३९, लंडनचा. तिची आई ती अगदी लहान असतानाच वारली. तरुणपणी शेकोटीपाशी उभी असताना तिच्या झग्याने पेट घेतला आणि ती इतकी भाजली की अंथरुणातून उठायला महिने गेले. छातीही जन्माची कमजोर. अशी ही बाई ६ जुलै १८७६ रोजी ‘सनबीम’ या तीन डोलकाठ्यांच्या जहाजावरून, नवरा थॉमस आणि चार मुलांना घेऊन, पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. जहाजाला मदतीला वाफेचं इंजिन होतं, पण भिस्त शिडांवर. धाकटी मुलगी १८७५ चीच, म्हणजे जेमतेम पाऊल टाकू लागलेली. मे १८७७ मध्ये सगळे सुखरूप परतले.

तिला बोट लागायची. एकदा-दोनदा नव्हे, जन्मभर. आणि हे तिने स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवलंय. ते वाचताना ती मला जास्तच आवडू लागली. तुझ्या आईलाही पावसाळ्याआधीच्या वाऱ्यात पोटात गोळा यायचा, हे तुला ठाऊक आहे. ते पुस्तिकेत का नाही? घाबरत असूनही ती दोर हातात घ्यायची, हे वाचणाऱ्याला कळू दे.

जहाजाच्या नावामागेही एक दुःख आहे. ब्रासींची कॉन्स्टन्स नावाची मुलगी १८७३ मध्ये, चार वर्षांची असताना, तापाने गेली. घरात तिला लाडाने ‘सनबीम’ म्हणत. पुढच्याच वर्षी बांधलेल्या जहाजाला तेच नाव दिलं आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तिची सोनेरी मूर्ती बसवली. ती मूर्ती आज ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. तुमच्या घरातही असं एक दुःख आहे, ज्याविषयी कुणी बोलत नाही. ते लिहायचं की नाही, हे बाबांशी बोलून ठरव. पण आई त्यानंतरच समुद्रावर जाऊ लागली असेल, तर ते वगळून तिचं जाणं समजणार नाही.

आता समाजसेवेबद्दल. तू त्यासाठी वेगळं प्रकरण केलंयस, ते मोड. त्याच प्रवासात, सप्टेंबर १८७६ मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे, पॅटागोनियाच्या बाजूला, ‘मॉन्क्सहेवन’ नावाचं कोळशाचं जहाज आतून पेटलेलं त्यांना दिसलं. त्यावरचे पंधरा खलाशी त्यांनी ‘सनबीम’वर घेतले. भर समुद्रात पंधरा जादा तोंडं! सफर आणि सेवा अशी वाटणी तिथे कशी करणार? पुढे ती सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्थेच्या प्रथमोपचार वर्गांचा प्रचार करू लागली आणि शेवटच्या सफरीतही, जिथे जहाज लागेल तिथे, त्याविषयी बोलत राहिली. त्या सफरीत ती आपल्या मुंबईलाही येऊन गेली होती. तुझी आई होडीवरच्या नव्या मुलांना आधी जखम बांधायला शिकवायची आणि मग गाठी मारायला. तो प्रसंग समुद्राच्या प्रकरणातच घे.

ॲनीचं सगळंच गोड मानू नकोस. सासरा रेल्वेचा बडा कंत्राटदार, पैसा अमाप, हाताशी खलाशी नि नोकर. परक्या देशांकडे बघताना साहेबी नजर जागोजागी डोकावते. तरी तिची रोजनिशी मला खरी वाटते, कारण त्या दिवशी वारा कुठून होता, काय खाल्लं, कोण आजारी पडलं, हे ती सोडत नाही. १८७८ मध्ये निघालेलं तिचं गाजलेलं पुस्तक मुळात घरच्यांना लिहिलेल्या पत्रांतूनच झालं.

१४ सप्टेंबर १८८७ रोजी, ऑस्ट्रेलियाहून परतताना, हिवतापाने ती जहाजावरच गेली. वय सत्तेचाळीस. तिला समुद्रातच निरोप दिला. अखेरच्या दिवसांत तिला लिहवलं नव्हतं, म्हणून शेवटच्या प्रवासाचं पुस्तक इतरांनी पुरं केलं. थॉमसने त्याला तिची छोटी आठवण जोडली, ती थेट आपल्या मुलांना उद्देशून. लोकांसाठी लिहिताना जी भाषा फुगते, ती मुलांना सांगताना आपोआप खाली येते. तुझा धाकटा भाऊ अजून शाळेत आहे. त्याच्यासाठी लिही. आईच्या उमेदीच्या दिवसांत तो जन्मलाही नव्हता, त्याला त्यातलं काहीच माहीत नाही.

आधी आईच्या वह्या काढ. भरतीच्या वेळा, दुरुस्तीचा खर्च, वर्गाला आलेल्या मुलांची नावं, सगळं उतरवून घे. मग तिला होडी शिकवणाऱ्या तांडेलकाकांकडे जा. ते थकलेत, तेव्हा हे काम पुढे ढकलू नकोस. तिचं कुणाशी वाजलं होतं, तेही त्यांना विचार. समितीतल्या मावशींशी तिचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, हे मला माहीत आहे. त्यांच्याकडेही जा, चहा घे आणि त्यांची बाजू ऐकून घे.

नवा मसुदा झाला की टाईप करत बसू नकोस, हाताने लिहिलेलाच पाठव.

तुझ्या,
बाई