पेशीची पन्नी

यवतमाळकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमचा प्रश्न आहे : "आठवीची पोरं 'प्रद्रव्यपटल' म्हणत नाहीत, 'पेशीची पन्नी' म्हणतात. पटल आणि भित्तिका त्यांना एकच वाटतात. पन्नी चालू द्यावी, की 'पापुद्रा' सुचवावा?"

मॅडम, आधी पोरांना शाबासकी द्या. पातळ, आतलं सांडू न देणारं आवरण म्हटल्यावर आपल्याकडे पन्नीच आठवणार. पापुद्रा मात्र सुचवू नका. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की विटा रचल्यासारख्या पेशी दिसतात. एका पापुद्र्यात हजारो पेशी आणि प्रत्येकीला आपापलं पटल. त्या पटलालाच पापुद्रा म्हटलं, तर पोरगं कांदा सोलताना पटल सोललं असं समजेल.

आता पाठ्यपुस्तकातले शब्द. ते परके वाटतात, पण दोन्ही आपल्याच घरचे आहेत. संस्कृतातल्या 'भित्ति'ची मराठीत 'भिंत' झाली आणि 'पटल'चं 'पडळ'. म्हातारीच्या डोळ्यावर पडळ आलं म्हणतात, तेच हे. सुश्रुतानेही डोळ्यातल्या थरांना पटलंच म्हटलं आहे आणि आजच्या 'दृष्टिपटला'त तो शब्द टिकून आहे. तेव्हा भित्तिका म्हणजे भिंत, पटल म्हणजे पडळ. 'पेशीपटल' आणि 'प्रद्रव्यपटल' ही एकाच वस्तूची दोन नावं; प्रद्रव्य म्हणजे पेशीतला जिवंत ऐवज, त्याच्याभोवतीचं ते प्रद्रव्यपटल.

भिंत आणि पडळ वेगळे कसे, हे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा, झाल्यावर पहिल्या वेच्याचं कापसाचं एक बोंड वर्गात न्या. सरकीवरून एकच तंतू ओढून पोराच्या तळहातावर ठेवा. तो अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी! सरकीच्या सालीवरची एक पेशी लांबत लांबत 25 ते 30 मिलिमीटर होते, मग आतल्या अंगाने सेल्युलोजचे थर चढवत भिंत जाड करते. बोंड फुटलं की आतलं प्रद्रव्य आणि त्याचं पटल दोन्ही वाळून जातात. उरते ती पोकळ, पिळवटलेली भिंत. आपण गाडीभर कापूस जिनिंगला नेतो, तेव्हा नुसत्या भित्तिकाच नेत असतो. आपल्या अंगातल्या पेशींचं याच्या उलट : तिथे पटल आहे, भित्तिका नाहीच.

पन्नी कुठे चुकते, ते आता. पटल घन नसतं. सावजी रश्श्यावरची तर्री आठवा. चमचा फिरवला की ती बाजूला होते आणि चमचा काढला की पुन्हा मिळून येते. पटलालाही बारीक सुई टोचून काढली तर भोक बुजतं. तर्रीच्या तेलाला पाण्याचा सरसकट तिटकारा असतो. पटलातल्या फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाच्या रेणूचं डोकं मात्र पाण्याकडे ओढ घेतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात. म्हणून ते दोन थरांत उभे राहतात, डोकी बाहेर, शेपट्या आत. एवढं करून जाडी 7-8 नॅनोमीटर. वहीच्या कागदाच्या जाडीत अशी बारा हजारांवर पटलं मावतील. या थरात प्रथिनं तरंगत, सरकत असतात. सिंगर आणि निकोलसन या शास्त्रज्ञांनी 1972 मध्ये हे चित्र मांडलं आणि त्याला 'प्रवाही मोझॅक' म्हटलं. आपल्याला मोझॅक म्हणजे ओसरीवरची घट्ट फरशी, पण इथे फरशीचे तुकडेच इकडून तिकडे फिरतात.

त्या प्रथिनांतली काही दारं आहेत, काही पंप. एक पंप दर खेपेला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. म्हणून जुन्या 'अर्धपार्य'पेक्षा आजच्या पुस्तकातला 'निवडक्षम पारपटल' मला जास्त आवडतो. अर्धपार्य म्हटलं की कुणाला वाटेल निम्मंच जातं. 'निवड' म्हटली की सुपात तूर निवडणारी बाई दिसते.

युरियाची मूठ रोपाच्या अगदी मुळाशी पडली की रोप मान टाकतं, हे पोरांनी पाहिलेलं असतं. बाहेर विरघळलेलं खत फार झालं, पटलातून पाणी बाहेर गेलं, आतलं द्रव्य आकसलं. याला पुस्तकात 'रससंकोच' म्हणतात, आणि काय नेमका शब्द आहे! पेशीतलं पाणी फारच गेलं तर पटल आकसून आत सरतं आणि भिंत जागच्या जागी राहते. पटल आणि भित्तिका एकच म्हणणाऱ्याला एवढं पुरे.

तर माझं मत : एक दिवस पन्नी म्हणू द्या, दुसऱ्या दिवशी 'पन्नी कुठे फसते' असं त्यांच्याकडूनच काढून घ्या, मग पटल लिहायला लावा. 'पडळ' समजावण्यापुरतंच ठेवा, त्याला मोतीबिंदूचा वास आहे.

आणि 'पेशी'वर पोरं हसली तर हसू द्या. घरी 'उद्या बाबाची पेशी आहे' म्हणजे कोर्टाची तारीख. ती फारसीतल्या 'पेश'वरून आलेली, ही संस्कृतातली. शिवाय मोबाइलवरच्या हिंदी व्हिडिओत हिचं नाव 'कोशिका' आणि स्नायूचं 'मांसपेशी', त्यामुळे तो घोटाळा आधीच मिटवून टाका. फळ्यावर लिहिताना 'भित्तिका' लिहा. 'भित्तीका' नको, त्ति ऱ्हस्वच.