जर्मन फुटबॉल क्लब एफसी हायडेनहाइमच्या नावात १८४६ आहे, मग क्लब खरंच तितका जुना आहे का?

नाही, स्वतंत्र क्लब म्हणून तो १ जानेवारी २००७ पासूनचा. १८४६ हे गावातल्या जिम्नॅस्टिक्स संस्थेचं साल. तिचा वारस टीएसबी आणि व्हीएफएल हे क्लब १९७२ मध्ये एकत्र येऊन हायडेनहाइमर स्पोर्टबुंड झाला. त्याचाच फुटबॉल विभाग २००७ मध्ये वेगळा निघाला. त्यामुळे साल खोटं नाही, पण ते फुटबॉलचं नव्हे. खरा इतिहास त्यानंतरचाच: सप्टेंबर २००७ मध्ये गावचाच फ्रँक श्मिट प्रशिक्षक झाला, २००९ ला तिसरी लीग, २०१४ ला दुसरी, २०२३ ला बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची सर्वोच्च लीग. ही बढतीही शेवटच्या सामन्यात रेगेन्सबुर्ग संघाविरुद्ध ०-२ वरून ३-२ करून, विजयी गोल ९०+९ व्या मिनिटाला! तोवर तिकडे बढतीच्या शर्यतीतल्या हॅम्बुर्गचे चाहते आपणच वर गेलो असं समजून जल्लोष करत मैदानात उतरलेही होते.