खोपटं सजवताय? आधी गंज काढा

ताई, रंगाचा डबा उघडायची घाई नको. पत्र्याचा गंज 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या अस्तराच्या रंगाचा, हात द्या, तो पूर्ण वाळला की मगच ऑइल पेंट. भर दुपारी तापल्या पत्र्यावर ब्रश लावू नका, रंगाला फोड येतात.

जुन्या नाशकात वाडा उतरवला की सागवानी दारं, कडी-कोयंडे निघतात. मी असंच एक दार आणलं. कडीभोवतीचं लाकूड कितीतरी हातांनी गुळगुळीत झालंय. तिथं पेपर लावलाच नाही, नुसतं जवसाचं तेल चोळलं. घेताना चौकट खालून ठोकून बघा, पोकळ वाजली तर वाळवी समजा.

गेरू आणि तांदळाच्या पिठाची वारली चित्रं आतल्या भिंतीवरच काढा. बाहेर पहिल्याच पावसात धुऊन जातील.