ऑफिसातली सगळी कामं तिच्याकडे, मग पगार का वाढत नाही?

प्रश्न : मुलगी बी.कॉम. झाली आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाच वर्षं ऑफिस असिस्टंट आहे. तिच्याशिवाय ऑफिसचं पान हलत नाही म्हणतात, पण पगार जेमतेम वाढलाय. नोकरी सोडायला लावून स्पर्धा परीक्षेला बसवू की एमबीएला घालू? मालक ओळखीचे आहेत, शब्द टाकू का?
– एक पालक, मिरज

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात मुलीचं स्वतःचं म्हणणं कुठेच आलेलं नाही. म्हणून हे उत्तर तिलाही वाचायला द्या.

तिच्याशिवाय पान हलत नाही आणि पगारही हलत नाही, दोन्हीचं कारण एकच. आवक-जावक, कुरिअर, गेटपास, पाहुण्यांचा चहा, साहेबांची सही, कुणाची तरी झेरॉक्स. दिवस धावपळीत जातो, पण पगारवाढीच्या वेळी अमुक काम हिचं म्हणून बोट ठेवावं असं काही सापडत नाही.

तिने एक काम पूर्णपणे अंगावर घ्यावं. माझं मत विचाराल तर पगारपत्रक, हजेरीपासून चलनापर्यंत, म्हणजे सरकारकडे पैसे भरेपर्यंत. टीडीएस (पगारातून कापलेला आयकर) पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार विमा) १५ तारखेच्या आत भरावे लागतात. उशीर झाला की व्याज लागतं, म्हणून मालकांनाही या कामाची किंमत कळते. शिवाय यात बारकावे भरपूर. पगार २१,००० रुपयांच्या वर गेला तरी ईएसआयची कपात त्या महिन्यापासून थांबत नाही, एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च यांपैकी चालू सहामाही संपेपर्यंत चालते. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापला की कामगार स्लिप घेऊन टेबलापाशी येतात. तेव्हा 'वर्षाचे २,५०० पुरे करायला' हे उत्तर ज्याच्याकडे असतं, पुढच्या वेळी सगळे त्यालाच शोधत येतात.

हे काम सांभाळायला वेळ कुठून आणायचा? पगाराच्या आठवड्यात सकाळचे पहिले दोन तास हजेरी आणि ओव्हरटाइमलाच द्यायचे. झेरॉक्स, गेटपास, सह्या यांना बारा आणि चार अशा दोन वेळा, साहेबांना आधी सांगून. सुरुवातीला कुरबुर होईल, होऊ द्या. रजेचा व्हॉट्सॲप मेसेज आला की तिथल्या तिथे एक्सेलमध्ये टाकायचा, नाहीतर महिनाअखेरीला चॅट उकरत बसावं लागतं. एक्सेलमधलं व्हीलुकअप (एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणणं) आणि पिव्होट टेबल (मोठ्या यादीचा गोषवारा काढणं) तेवढं पक्कं करावं.

एमबीए आत्ता नको, फीच्या मानाने हाती काही लागेल असं वाटत नाही. सरकारी लिपिकपदाची तिची स्वतःची इच्छा असेल, तर नोकरी न सोडता टंकलेखनाचा क्लास लावावा. मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट हे प्रमाणपत्र लिपिक-टंकलेखकाच्या जागेला लागतंच, आणि खासगीतही वाया जात नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. शब्द टाकू नका. वडिलांच्या ओळखीने वाढलेले हजार-दोन हजार पुढच्या कंपनीत कोणी धरत नाही. त्यापेक्षा मार्चमध्ये, नव्या वर्षाचे पगार ठरायच्या आधी, तिनेच वेळ मागून घ्यावी. जाताना एक कागद न्यावा : कोणतं काम पूर्ण माझ्याकडे आहे, किती महिने चलन वेळेत गेलं, पूर्वी किती दंड-व्याज भरावं लागायचं. पदनामही 'पगार व आस्थापना सहायक' असं बदलून मागावं. पैसे लगेच वाढले नाहीत तरी पदनाम द्यायला मालकांच्या खिशातलं काही जात नाही.