ठेव मोडू की सोनं ठेवू? आधी बंडलाचं वजन बघा

प्रश्न : एसटीतून निवृत्त झालो, वय 61. रत्नागिरी तालुक्यात समुद्रापासून पाऊण किलोमीटरवर दोन एकर हापूसची बाग आहे. त्यातल्या अर्ध्या एकरात दोन वर्षांपूर्वी नवी कलमं लावली. रानडुकरं आणि वानरांचा त्रास आहे, म्हणून 400 मीटर कुंपण घालायचं आहे. कोटेशन 2,60,000 रुपयांचं. त्यात 12 गेजची, दोन इंची चौकोनाची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी तारांची, सांधे वेल्ड केलेली जाळी. 5 फूट उंच, 15 मीटर लांब, 30 किलोचं बंडल 3,600 रुपयांना, अशी 27 बंडलं. बाकी खांब, काँक्रीट, मजुरी. जाळी 20 वर्षं गंजणार नाही, असं दुकानदार सांगतो. वर्षाला 80,000 रुपयांचं नुकसान वाचेल. सव्वासात टक्क्यांची ठेव मोडू, की साडेनऊ टक्क्यांनी सोनेतारण कर्ज घेऊ? बँकेतून 'पुढच्या कुंपणासाठी' वर्षाला 50,000 रुपयांची दहा वर्षांची पॉलिसीही सुचवली आहे. शेवटी 6,70,000 मिळतील म्हणतात.

उत्तर : दोन्ही नको. ठेवीवरच ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर उचल. बँका साधारण ठेवीच्या दरावर एक-दोन टक्के जास्त लावतात आणि ठेवीचं व्याज चालूच राहतं, म्हणजे 2,60,000 वर वर्षाला अडीच ते पाच हजारांचा निव्वळ भुर्दंड. सोनेतारणात तोच सहा हजारांच्या आसपास. तुमच्या प्रश्नात एवढेच पैसे अडकलेत. खरे पैसे कोटेशनमध्ये जाणार आहेत.

तुम्ही बंडलाचं वजन लिहिलंत, हे फार बरं केलंत. दोन इंची चौकोनाच्या त्या बंडलात आडवी-उभी मिळून सुमारे 900 मीटर तार असते. तारेच्या जाडीचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग करून 162 ने भागलं की मीटरला किती किलो ते कळतं. 12 गेज म्हणजे 2.64 मिमी, बंडल 39 किलोच्या आसपास भरायला हवं. तुमचं 30 किलोचं आहे. ती 13 गेज आहे, 2.34 मिमीची. नाव बाराचं, माल तेराचा, आणि दर किलोला 120 रुपये.

गेजपेक्षा मोठी गोष्ट जस्ताची. साडेपाच मिमीची सळई एकामागून एक लहान होत जाणाऱ्या डायमधून, म्हणजे साच्याच्या छिद्रांतून, ओढून तार बारीक करतात. मग जस्त चढवायच्या दोन रीती. एक, विजेच्या प्रवाहाने. मुलामा चकचकीत पण अगदी पातळ. दुसरी, ॲसिडने धुतलेली तार साधारण 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तातून काढायची. इथेही बाहेर येताना तार पॅडने घट्ट पुसली तर जस्त थोडंच उरतं. चौरस मीटरला 50 ग्रॅम जस्त म्हणजे 7 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर, 240 ग्रॅम म्हणजे 34. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत जस्त वर्षाला दोन ते चार मायक्रॉन झिजतं, अगदी किनाऱ्यावर त्याहून जास्त. पातळ मुलामा दोन-तीन वर्षांत संपतो, जाड आठ ते सोळा वर्षं टिकतो. वीस वर्षांची हमी कागदावर का नाही, ते यातूनच कळतं.

त्यात सांध्यांची भर. वेल्डिंग मशीनवर उभ्या तारांवर आडवी तार पडते, तांब्याचे इलेक्ट्रोड दाबतात आणि क्षणभर जबर करंट जातो. लोखंड वितळायला दीड हजार अंश लागतात, जस्त 907 लाच उकळतं. म्हणजे आधी जस्त चढवून मग वेल्ड केलेल्या जाळीत सांध्यावरचं जस्त उडून जातं. एका बंडलात असे नऊ हजारांवर सांधे! शेजारचं जस्त स्वतः झिजून उघड्या लोखंडाला काही काळ सांभाळतं, पण मुळात ते पातळ असेल तर किती सांभाळणार? जाळी सांध्यातून सुटते, आणि डुक्कर तिथेच मुसंडी मारतं. म्हणून आधी वेल्ड करून मग अख्खी जस्तात बुडवलेली जाळी मागा. ती डोळ्यांनी ओळखता येते : दोन तारांच्या कोपऱ्यात झारण (सोल्डर) घातल्यासारखं जस्त भरलेलं असतं. उलट प्रकारात सांध्यावर काळपट ठिपका दिसतो.

ही जाळी किलोला 150 रुपये धरली तरी 39 किलोचं बंडल 5,850 ला पडतं. सगळं कुंपण 3,20,000. साठ हजार जास्त. पण स्वस्त जाळी पंधरा वर्षांत दोनदा बदलावी लागली आणि जाळी-मजुरी मिळून दर वेळी 1,40,000 गेले, तर तेच कुंपण 5,40,000 चं होतं, तेही आजच्या दराने.

आता 80,000 च्या बचतीबद्दल. ही आशा मला पटत नाही. डुक्कर पडलेलं फळ खातं आणि कलमं उकरतं. झाडावरचा आंबा तोडतं ते वानर, आणि वानराला दोन इंची जाळी म्हणजे शिडी. बचत 25,000 धरा. मग 3,20,000 वसूल व्हायला तेरा वर्षं. म्हणून कुंपण फक्त नव्या कलमांच्या अर्ध्या एकराला घाला : चौकोनी तुकडा असेल तर 180 मीटर, 12 बंडलं, खांब-मजुरीसह 1,45,000 च्या आत. खाली जांभ्या चिऱ्याचे दोन थर सिमेंटमध्ये बसवा आणि जाळीची कड त्यातच धरा, म्हणजे डुकराला खालून उकरता येणार नाही आणि जाळी ओल्या मातीला लागणार नाही. वेल्डमेश उताराप्रमाणे वाकत नाही, पायरी-पायरीने कापावी लागते; प्रत्येक कापलेल्या टोकाला झिंक पेंट लावा. फार उतार असेल तिथे जाड जस्ताची चेनलिंक, म्हणजे तारा एकमेकींत गुंफलेली जाळी, घ्या.

पॉलिसीला नाही म्हणा. दहा वर्षं 50,000 भरून 6,70,000 म्हणजे जेमतेम सव्वापाच टक्के. तुमच्याच ठेवीच्या दराने करापूर्वी साडेसात लाख होतात. कुंपणाच्या नावाने 61 व्या वर्षी हे गळ्यात मारणं चूक आहे.

आगाऊ रक्कम देण्याआधी वीतभर नमुना मागून घ्या. बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी आणलेलं मोरचूद घरात असेलच. प्लास्टिकच्या भांड्यात लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम विरघळवा, हातमोजे घाला, पुसलेला तुकडा एक मिनिट बुडवा, धुऊन फडक्याने घासा. तुकड्यावर आलेला काळा थर घासल्यावर निघून गेला, तर चालेल. तांब्याचा लालसर थर घासूनही निघाला नाही, तर तिथलं जस्त संपलं. जाड मुलामा अशा दोन-तीन डुबक्या झेलतो. कापलेली टोकं लाल होणारच, ती सोडा, सांधे बघा. पहिल्याच डुबकीत सांधे लाल झाले तर बंडल परत पाठवा, आणि घ्याल ते प्रत्येक बंडल काट्यावर घालून, वजन बिलावर लिहूनच घ्या.